मुलुंडची वॉकिंग टूर

"तू बॉम्बेचा ना?" पर्सरने विचारलं.

"मुलुंडचा, सर."

"मुलुंड बॉम्बेत येतं की नाही?"

"येतं, सर."

"मग झालं. नऊ वाजता आठ पॅसेंजर घेऊन खाली उतर. फोर्टात चालत फिरव, जुन्या बिल्डिंगी दाखव, एक वाजता लंचला परत आण."

पर्सर म्हणजे जहाजावरचा कारभारी. समुद्र आणि इंजिन कॅप्टनचं, बाकी सगळं पर्सरचं. आमचे पर्सर ग्रीक होते, मिस्टर निकोस. माणूस वाईट नव्हता, पण एकदा 'मग झालं' म्हणाला की झालंच.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी एका परदेशी क्रूझवर केबिन स्टुअर्ड होतो. केबिन स्टुअर्ड म्हणजे चौदा खोल्यांच्या गाद्या दिवसातून दोनदा घालणारा माणूस. लोकांना वाटायचं, दत्ताराम परब जग फिरतोय. मी जगातली बंदरं टॉवेल बदलता बदलता गोल खिडकीतून बघितलेली आहेत. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात गेलं की खिडकीतल्या क्रेनचा रंग बदलायचा, एवढंच.

मुंबईचा मुक्काम एका दिवसाचा होता. सकाळी सातला जहाज धक्क्याला लागणार, संध्याकाळी पाचला सुटणार. पर्सरने बोलावलं तेव्हा मी घरी जायचे कपडे घालून तयार होतो. शर्टाला इस्त्री केली होती, पिशवीत एक लोकरीचं टोपडं होतं. मला मुलगी झाली होती. सात महिन्यांची होती आणि मी तिला पाहिलं नव्हतं. ती झाल्याची तार मला भूमध्य समुद्रात मिळाली. मनीषा हे तिचं नावही मला पत्रातून कळलं. ह्या एका दिवसासाठी मी सहा आठवडे आग्नेल नावाच्या गोवेकर दोस्ताच्या पहाटेच्या पाळ्या केल्या होत्या. त्याबदल्यात मुंबईला तो माझ्या चौदा केबिन सांभाळणार होता.

"सर, मला घरी जायचंय," मी म्हणालो. "मुलीला बघायचंय. सहा तासांचाच पास आहे."

"परब, मला पण घरी जायचंय. माझं घर पिरियसला आहे," निकोस म्हणाले. "एजंटचा गाइड आजारी पडलाय. एलिफंटाच्या दोन बोटी गेल्या, त्यांचे गाइड गेले. ह्या आठ जणांचं मी काय करू? स्वयंपाक्याला पाठवू?"

नोकरीत जिथे बोलायला पाहिजे तिथे न बोलण्याची मला सवय होती. ती पुढेही गेली नाही.

शोअर पासाबद्दल इथे सांगायला हवं. बंदराबाहेर पडायला क्रूला एक चिठोरं मिळतं, त्यावर परत यायची वेळ टाकलेली असते. माझ्या पासवर दोन वाजता असं होतं. पाच मिनिटं उशीर झाला तरी नाव लॉगबुकात चढतं. आणि जहाज तुम्हाला सोडून सुटलं तर तुम्ही पळपुटे ठरता. मग सीडीसी, म्हणजे खलाशाचं पुस्तक, जप्त होतं. ते पुस्तक गेलं की समुद्रावरची नोकरी संपली. माझे वडील गिरणीत होते आणि गिरणी बंद पडून बरेच दिवस झाले होते. घरात कमावता मी एकटा. त्यामुळे त्या चिठोऱ्याला मी फार घाबरत असे.

नऊला एजंटची पांढरी मिनीबस धक्क्याशी लागली. फोर्टपर्यंत बसने जायचं आणि तिथून पायी फिरायचं, असा कार्यक्रम होता. ड्रायव्हर शेख म्हणून होता, घाटकोपरचा. आठही पॅसेंजर साठीच्या पुढचे. त्यांतले दोघंच सांगतो. एक निवृत्त दाताचे डॉक्टर. त्यांच्या गळ्यात लगेच फोटो बाहेर टाकणारा कॅमेरा होता आणि बायको सोबत असून ते सगळं त्या कॅमेऱ्याशीच बोलत. दुसऱ्या मिसेस व्हिटलॉक. इंग्लंडच्या, विधवा, एकट्या प्रवास करणाऱ्या, हातात काठी. त्या माझ्याच केबिनींपैकी एकीत होत्या. रोज दोन उशा मागायच्या आणि दुसरी उशी सकाळी तशीच घडी न मोडलेली असायची. मी ती रोज नव्याने झटकून ठेवायचो.

गेटमधून बाहेर पडताना एका बाजूने ऊन आलं. गेटबाहेर नेहमीसारखी दहावीस माणसं उभी होती. मिसेस व्हिटलॉकनी डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाल्या, "परब, हे ऊन." मी उठून त्या बाजूचे सगळे पडदे ओढून घेतले. पॅसेंजरचा त्रास दिसला की हात आपोआप उठतो, कामच ते.

फोर्टात माझी वाट लागली. मुलुंडचा माणूस फोर्टात दोनच कामांसाठी जातो, नोकरी शोधायला आणि फॉर्म भरायला. मी त्या सगळ्या इमारती पाहिल्या होत्या, पण खालून रांगेत उभं राहून. एका मोठ्या दगडी इमारतीसमोर सगळ्यांना उभं केलं आणि छाती पुढे काढून म्हणालो, "हिस्टॉरिकल बिल्डिंग."

"कोणी बांधली?" मिसेस व्हिटलॉकनी विचारलं.

"इंग्रजांनी, मॅडम."

"ते मला दिसतंय. कुठल्या?"

मला काय माहीत कुठल्या! पुढच्या इमारतीलाही तेच झालं. तिसऱ्या इमारतीसमोर डॉक्टरांनी फोटोसुद्धा काढला नाही. मी सारखा घड्याळ बघत होतो. पावणेदहा झाले होते. आत्ता मी घरी असतो, हा विचार डोक्यातून जाईना.

"तुला कुठे जायचंय?" मिसेस व्हिटलॉकनी काठी टेकून विचारलं. "पाच मिनिटांत सात वेळा घड्याळ बघितलंस. मी मोजलं."

मी खरं ते सांगितलं. मुलगी, सात महिने, मुलुंड.

"इंग्रजी इमारती मी पुष्कळ बघितल्यात," त्या बाई इतरांकडे वळून म्हणाल्या. "मी एकीत राहते. मला मुलुंड बघायचंय. आणखी कोणाला?"

डॉक्टरांनी हात वर केला. मग त्यांच्या बायकोने. मग बाकीच्यांनी, एकमेकांकडे बघत. मी शेखला सांगितलं.

"मुलुंड? उधर क्या है, साब?"

"मेरा घर है."

"तो पहले बोलने का ना! बैठो."

आता कोणी म्हणेल, हे फोन करून का नाही विचारलं, घरी कोण आहे ते? आमच्या सोसायटीत फोन एकच, सेक्रेटरींकडे. बाकीचे सगळे तोच नंबर पुढे पीपी, म्हणजे शेजाऱ्यांकडचा, असं लिहून देत. सकाळी धक्क्यावरून मी तो तीनदा फिरवला, लागला नाही. पण मला काळजी नव्हती. एडनहून मी सुलभाला, म्हणजे बायकोला, स्वच्छ अक्षरात पत्र टाकलं होतं: बंदरावर येऊ नकोस, आत सोडत नाहीत, मीच घरी येतो, घरीच थांब.

सव्वाअकराला मुलुंड आलं. आधी शेखला मी थेट चेकनाक्याला न्यायला सांगितलं, कारण टूर म्हणजे टूर, काहीतरी दाखवायला पाहिजे. जकातीसाठी ट्रकांची रांग लागली होती. मी खाली उतरून म्हणालो, "लेडीज अँड जंटलमेन, बॉम्बे तुमच्या जहाजाच्या शिडीपाशी सुरू होतं आणि इथे संपतं. पोर्टवर उतरलेला माल ह्या नाक्यातून देशात जातो. ही शहराची वेस." हे बोलताना मला स्वतःलाच पटलं. फोर्टात जी जीभ जड झाली होती ती इथे मोकळी सुटली.

तिथून त्यांना चालवत आणलं. छोटे छोटे कारखाने दाखवले, एकात पंख्याची पाती बनत होती. पाण्याचे ते प्रचंड पाइप दाखवले, ज्यांच्यावर बसून मी दहावीचा अभ्यास केला होता. म्हटलं, "ह्यातून शहराला पाणी जातं. तुमचं जहाज आज धक्क्यावर पाणी भरतंय. रात्री तुमच्या केबिनच्या नळाला जे येईल ते इथूनच गेलेलं." डॉक्टरांनी पाइपाचे तीन फोटो काढले. एका बाईंनी पाइपाला हात लावून बघितला. पिठाच्या गिरणीपाशी गिरणीवाल्याने मला ओळखलं आणि हात पिठाचा असल्यामुळे कोपर पुढे केलं. मी त्याचं कोपर हलवलं. माझ्यामागे सातही जणांनी हलवलं, तिथली पद्धत समजून. मिसेस व्हिटलॉक मात्र हसल्या.

मला एवढं बरं किती महिन्यांत वाटलं नव्हतं. सोसायटीचा जिना मी दोन दोन पायऱ्या चढलो.

दाराला कुलूप होतं.

शेजारच्या कदम काकू आवाज ऐकून बाहेर आल्या. आमच्या घराची दुसरी किल्ली कायम त्यांच्याकडे असायची. मला बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"अरे दत्ता, तू हंय? आणि ती तुका भेटाक बंदरार गेली मरे! सकाळी साताकच. चेडवाक घेऊन, डबो घेऊन. तुझे आवशी-बापूस गावाक गेलेत, नायतर तेंका तरी पाठवलं असतंय."

"पण काकू, मी पत्र पाठवलं होतं. घरीच थांब म्हणून."

"खयचा पत्र? तुझा शेवटचा पत्र इला त्याका महिनो झालो. त्यात तूच लिवलंस मरे, बंदरार ये, तुका जहाज दाखवतंय. तिना आख्ख्या सोसायटीक वाचून दाखवल्यान."

ते पत्र मीच लिहिलं होतं. जिब्राल्टरहून. तेव्हा मला माहीत नव्हतं की क्रूच्या घरच्यांना जहाजावर आणायला आधी अर्ज लागतो आणि तो मंजूर होईस्तोवर जहाज दुसऱ्या समुद्रात असतं. मिजास मारली होती, दुसरं काय. मग चूक कळल्यावर दुसरं पत्र टाकलं, आणि ते अजून कुठल्या तरी पोत्यात होतं.

काकूंनी किल्ली दिली. मी कुलूप काढलं आणि आठ परक्या माणसांना घेऊन माझ्या रिकाम्या घरात शिरलो. ते मागेच राहू पाहत होते, मीच या म्हणालो. एकट्याने आत जायचं धाडस मला झालं नसतं.

दीड खोली. मध्ये साडीची झोळी टांगलेली. दोरीवर छोटी छोटी झबली वाळत होती, मोजून आठ. जमिनीवर एक खुळखुळा पडला होता. पावडरीचा आणि दुधाचा वास होता. हा वास मी गेलो तेव्हा घरात नव्हता. मी झोळीत हात घालून बघितला. आतलं दुपटं गार होतं.

मिसेस व्हिटलॉक खाली वाकून खुळखुळा उचलायला लागल्या, मी म्हटलं मॅडम राहू द्या, मी उचलतो. त्या म्हणाल्या, "आज नाही, परब." आणि काठीवर भार देऊन त्यांनी तो उचलला आणि झोळीत ठेवला.

डॉक्टरांनी मला झोळीशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. कॅमेऱ्यातून फोटो बाहेर आला. तो हलवत हलवत त्यात मी हळूहळू उमटलो. इस्त्रीचा शर्ट, कसनुसं हसू. तो फोटो आणि टोपडं मी झोळीत ठेवलं. काकूंनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं. डॉक्टरांच्या बायकोला ते आवडलं नाही, तिने तरी संपवलं.

सव्वाबारा वाजता आम्ही निघालो. सुलभा गेटवरच असेल, हे आता मला पक्कं माहीत होतं. शेखने जेवढी पळवता येईल तेवढी बस पळवली. पण कुर्ल्याच्या आसपास एक लॉरी आडवी बंद पडली होती आणि तिथे तीस मिनिटं गेली. मी खिडकीबाहेर डोकं काढून बघत होतो. लॉरी माझ्या बघण्याने हलणार नव्हती.

दोनला दहा मिनिटं कमी असताना गेट आलं. बाहेर कोणी नव्हतं. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. मी उडी मारून गेटवरच्या शिपायाला विचारलं.

"होती ना एक बाई," तो म्हणाला. "लहान मूल होतं. सकाळपासून उभी. पोर रडून रडून लाल झालेलं. शेवटी मीच म्हटलं, बाई, सुट्टीवाला क्रू कधीच बाहेर पडलाय, तुमचा माणूस घरीच पोचला असणार. तर गेली बिचारी घाईघाईने. अर्धा तास झाला. व्हीटीला जाते म्हणाली. परब तुम्हीच का? हा डबा ठेवलाय, चुकून इथेच आले तर द्या म्हणाली."

शेख मागे आला होता. "साब, चलो, स्टेशन छोडता हूँ. पाँच मिनट. दोपहर की गाडी कम रहती है, अभी प्लॅटफॉर्म पे ही होगी."

मी बसकडे बघितलं. आठ पॅसेंजर आत. टूरचा नियम असा की ज्याने माणसं नेली त्याने ती शिडीपाशी मोजून द्यायची आणि सही करायची. आणि खिशात तो पास. दोन वाजता. दहा मिनिटं.

मिसेस व्हिटलॉकनी खिडकीतून विचारलं, "जातोस ना?"

मी नाही म्हणालो.

हे मी पुष्कळ वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. लोकांना मी लॉरीपर्यंतच सांगायचो. लॉरीमुळे चुकामूक झाली म्हटलं की लोक चुकचुकतात आणि विषय संपतो. पण लॉरीनंतरही एक संधी होती आणि ती मी घेतली नाही. वीस मिनिटं उशीर झाला असता तर नाव लॉगबुकात चढलं असतं, नोकरी गेली नसती. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी घाबरलो, एवढंच.

शिडीपाशी निकोस घड्याळ हातात धरून उभे होते.

"लंच होऊन गेलं. कुठे होतात?"

"मुलुंडला, सर."

"मी फोर्ट सांगितलं होतं!"

"मुलुंड बॉम्बेत येतं, सर. सकाळी आपलंच ठरलं होतं."

ते लाल झाले. पुढच्या तीन बंदरांत मला खाली उतरायची बंदी घातली. मला काहीच वाटलं नाही. खाली उतरून मी काय करणार होतो?

पाचला जहाज सुटलं तेव्हा मी खालच्या डेकवर लिननच्या खोलीत बसून डबा उघडला. घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. उसळ उन्हाने आंबली होती. मी सगळी खाल्ली. नंतर दोन दिवस पोट बिघडलं, त्याचं कारण मी जहाजाच्या डॉक्टरला सांगितलं नाही. त्या संध्याकाळी गाद्या घालायला गेलो तेव्हा मिसेस व्हिटलॉकची दुसरी उशी त्यांनी स्वतःच कपाटात ठेवून दिली होती. "आता एकच पुरे," म्हणाल्या. का ते मी विचारलं नाही. स्टुअर्डने विचारायचं नसतं.

सफर संपताना पॅसेंजरकडून फॉर्म भरून घेतात, कुठलं बंदर आवडलं, कुठली टूर आवडली. आठांपैकी सात जणांनी मुंबईची वॉकिंग टूर पहिली लिहिली. डॉक्टरांच्या बायकोने सरबताबद्दल लिहिलं. निकोसनी मला बोलावून विचारलं, "ह्या मुलुंडात आहे तरी काय?" मी म्हटलं, "पाइप आहेत, सर." सहा महिन्यांनी मला शोअर एक्सकर्शनच्या खात्यात घेतलं. बंदरात उतरलेल्या पॅसेंजरना फिरवणारं ते खातं. निवृत्त होईपर्यंत मी त्याच कामात होतो. फोर्टातल्या इमारती कोणी बांधल्या ते मी पाठ केलं.

मनीषाला मी पाहिलं तेव्हा ती अकरा महिन्यांची होती. मला बघून तिने भोकाड पसरलं. मग फोटोकडे बोट दाखवून 'बाबा' म्हणाली आणि माझ्याकडे पाठ केली. फोटोचा एक कोपरा तिने चावून टाकला होता.

पण त्याआधी, पिनांगला, सुलभाचं पत्र मिळालं होतं. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने लिहिलं होतं:

"अहो, मी सकाळी आठपासून गेटवर होते. तुम्ही कुठल्या दारातून गेलात कळलंच नाही. बाहेर पडलेला प्रत्येक माणूस मी बघत होते. नवाच्या पुढे गोऱ्या लोकांची एक पांढरी गाडी गेली. पडदे लावलेले होते, आतलं काही दिसलं नाही. अगदी आमच्या अंगावरून गेली. मी मनीला उचलून दाखवलं, म्हटलं, बघ, बाबांच्या जहाजावरची माणसं. तिने हात हलवला."

पुढे तीस वर्षं मी निरनिराळ्या बंदरांच्या गेटांतून टूरच्या गाड्या काढल्या. डोळ्यांवर ऊन येतं म्हणून पॅसेंजर तक्रार करायचे, पडदा ओढा म्हणायचे. मी त्यांना काळे चष्मे द्यायचो आणि सांगायचो, सॉरी, गेट ओलांडेपर्यंत पडदे उघडे ठेवायचे असा कंपनीचा नियम आहे. असा नियम कुठल्याही कंपनीत नाही.